ठेवलेल्या खेळाडूची किंमत: मित्रांमधली फँटसी हॉकी कीपर लीग कशी चालवायची

फँटसी लीगमध्ये आपण खऱ्या खेळाडूंचे काल्पनिक संघ करतो आणि त्यांच्या खऱ्या सामन्यांतल्या आकड्यांवर खेळतो; कीपर लीगमध्ये त्यातले काही खेळाडू पुढच्या हंगामातही ठेवता येतात. त्यामुळे तिथे एप्रिल आला, हंगाम संपला, म्हणून हिशेब मिटत नाही. एका हंगामापुरत्या फँटसी लीगमध्ये एखादा नियम चुकला तर सहा महिन्यांत तो विषय संपतो. कीपर लीगमध्ये तोच नियम पुढच्या तीन ड्राफ्टमध्ये (फेऱ्याफेऱ्यांनी खेळाडू निवडण्याच्या बैठकीत) पुन्हा पुन्हा वर येतो, कारण त्याच्या भरवशावर कुणी खेळाडू घेतलेला असतो, तर कुणी पुढच्या वर्षीची निवड देऊन टाकलेली असते. त्यामुळे कमिशनरचं, म्हणजे लीग चालवणाऱ्याचं, निम्म्याहून जास्त काम हंगामाआधी, कागदावरच होतं. आमची लीग एनएचएलवर, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक आइस हॉकी लीगवर, चालते. बारा संघ, दर आठवड्याला एकास एक लढत. पुढचे आकडे त्याच बेताने आहेत. संघ दहा किंवा चौदा असले तर आकडे बदलतील, पण त्यामागचा विचार बदलणार नाही.

संघ आणि कॅटेगऱ्या

दोन सेंटर, दोन लेफ्ट विंग, दोन राइट विंग, चार डिफेन्समन, एक युटिलिटी (गोलरक्षक सोडून कुणीही) आणि दोन गोली (गोलरक्षक) असे 13 जण रोजच्या लाइनअपमध्ये, पाच जण बेंचवर. एकूण 18, म्हणून ड्राफ्टच्या फेऱ्याही 18. इंज्युरी रिझर्व्हच्या, म्हणजे जखमी खेळाडू बाजूला ठेवण्याच्या, दोन जागा वेगळ्या. बारा संघांत मिळून 216 खेळाडू अडकतात. एनएचएलमध्ये 32 संघ आहेत आणि प्रत्येक संघ सामन्याला 18 स्केटर व 2 गोली सज्ज करतो, म्हणजे 640 जण. त्यातले तिसरा हिस्सा आपल्याकडे आले तरी वेव्हरवर, म्हणजे कुणाच्याच संघात नसलेल्यांच्या यादीत, कामाचे खेळाडू उरतात. बेंच आठ-नऊचा करायचा मोह होतो, तो टाळावा. बेंच वाढला की वेव्हर आटतो आणि ज्याचा ड्राफ्ट फसला त्याला सावरायला वाव राहत नाही.

कॅटेगऱ्या दहा: गोल, असिस्ट (गोलला दिलेला पास), पॉवर प्ले पॉइंट (प्रतिस्पर्ध्याचा खेळाडू शिक्षेने बाहेर असतानाचे गोल-असिस्ट), शॉट, हिट (अंगाने दिलेली टक्कर), ब्लॉक (अडवलेला शॉट); गोलीसाठी विजय, सेव्ह, गोल अगेन्स्ट अ‍ॅव्हरेज (सामन्यामागे खाल्लेले गोल) आणि सेव्ह टक्केवारी. प्लस-मायनस (खेळाडू बर्फावर असताना संघाने केलेल्या आणि खाल्लेल्या गोलांतला फरक) आम्ही ठेवत नाही. त्यात खेळाडूपेक्षा त्याच्या संघाचं आणि लाइनमधल्या जोडीदारांचं मोजमाप जास्त होतं, आणि कमकुवत संघातला चांगला डिफेन्समन वर्षानुवर्षं ठेवण्याजोगा राहत नाही. हिट मोजणं हेही प्रत्येक रिंकवरच्या नोंद करणाऱ्यांच्या नजरेवर अवलंबून असतं, काही ठिकाणी हात सैल असतो. तरीही हिट आणि ब्लॉक हवेतच. त्यांच्यामुळे तिसऱ्या-चौथ्या लाइनच्या खेळाडूंना भाव येतो आणि ड्राफ्टच्या शेवटच्या सहा फेऱ्या नुसती भरती न राहता खरी निवड होते.

आठवड्याचा निकाल एक विजय किंवा एक पराभव असा धरू नये. प्रत्येक कॅटेगरी स्वतंत्र मोजावी. 9-1 आणि 6-4 यांत फरक राहिला की मागे पडलेला मॅनेजरही रविवारी रात्री एका ब्लॉकसाठी झगडतो.

ठेवण्याची किंमत

लीग टिकणार की तीन वर्षांत विस्कटणार, हे इथे ठरतं. किती जण ठेवायचे यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. खरा प्रश्न असतो ठेवण्याची किंमत काय. आम्ही चारपर्यंत ठेवू देतो. दोनच ठेवले तर पुढच्या वर्षीचा विचार करून ट्रेड करण्याजोगं काही उरत नाही, आणि आठ ठेवले तर नवीन आलेल्या माणसाला वर यायला फार वर्षं लागतात. चार किंवा पाच, दोन्ही चालतात. पण किंमत फुकट किंवा फार स्वस्त असेल तर दोन ठेवा नाहीतर आठ, वरचे तीन संघ वरच राहतात.

सर्वांत प्रचलित पद्धत फेरीची. ज्या फेरीत खेळाडू घेतला, पुढच्या वर्षी त्याच्या दोन फेऱ्या वरची निवड देऊन त्याला ठेवायचं. समजायला सोपी, पण तिच्यात एक खोट आहे. पहिल्या आणि तिसऱ्या फेरीतल्या खेळाडूंत मोठं अंतर असतं. बाराव्या आणि चौदाव्या फेरीतल्यांत जवळजवळ नसतंच. त्यामुळे दोन फेऱ्यांची पायरी तळाशी फुकट पडते आणि वर गेल्यावर एकदम जड होते.

एक उदाहरण घेऊ. मॉन्ट्रियलचा लेन हटसन 2022 च्या एनएचएल ड्राफ्टमध्ये (खरे संघ नवे तरुण खेळाडू निवडतात तो) 62वा निवडला गेला. 2024-25 हा त्याचा पहिला पूर्ण हंगाम, त्यात 6 गोल आणि 60 असिस्ट असे 66 पॉइंट करून त्याने काल्डर ट्रॉफी (सर्वोत्तम नवोदिताची) घेतली. समजा 2024 च्या शरदात कुणी त्याला 14व्या फेरीत घेतलं. दोन-फेरी नियमाने 2025 मध्ये तो 12व्या फेरीला, 2026 मध्ये 10व्या, 2027 मध्ये 8व्या फेरीला पडेल. एवढे पॉइंट करणारा डिफेन्समन चौथ्या वर्षीही आठव्या फेरीच्या भावात! हुशारीने निवडलं त्याचा फायदा मिळावाच, पण इतका लांबला की बाकीच्या अकरा जणांचा रस जातो.

म्हणून आम्ही फेरीचा आकडा निम्मा करतो आणि अपूर्णांक आला तर वरचा पूर्णांक धरतो. 14 चे 7, 7 चे 4, 4 चे 2. हटसन 2025 मध्ये 7व्या फेरीला, 2026 मध्ये 4थ्या, 2027 मध्ये 2ऱ्या फेरीला. पहिल्या वर्षी मालकाची चांदी, दुसऱ्या वर्षी बरा सौदा, तिसऱ्या वर्षी विचार करायला लावणारा. कुणालाही तीन वेळांपेक्षा जास्त ठेवता येत नाही; त्यानंतरच्या वर्षी तो ड्राफ्टमध्ये परत येतो. पहिल्या फेरीत घेतलेला खेळाडू ठेवताच येत नाही. दुसऱ्या फेरीचा एकदा, पहिल्या फेरीच्या किमतीत. परिणाम असा की कॉनर मॅकडेव्हिडसारखा सर्वांत वरचा खेळाडू दर वर्षी ड्राफ्टला उपलब्ध असतो, आणि शेवटच्या स्थानावर राहिलेल्या माणसालाही सप्टेंबरची वाट पाहावीशी वाटते.

लिलाव पद्धत याहून न्याय्य आहे, पण ती चालवायला गणिताची आवड असलेले मित्र लागतात. प्रत्येक संघाला 200 फँटसी डॉलर, म्हणजे एकूण 2400. ठेवायचं असेल तर गेल्या वर्षीच्या बोलीवर ठरावीक रक्कम चढवायची. 5 डॉलर ठीक बसतात. इथे नवख्याला गोंधळात टाकते ती महागाई. समजा 48 खेळाडू ठेवले, त्यांची खरी किंमत 900 डॉलर होती आणि मॅनेजरांनी मिळून मोजले 480. उरलेला पैसा 1920, उरलेल्या खेळाडूंची किंमत 1500. भागाकार 1.28. म्हणजे यादीत 50 डॉलरचा दिसणारा खेळाडू त्या दिवशी 64 ला जाणार. हा आकडा कमिशनरने कीपर यादीबरोबरच सर्वांना सांगून टाकावा. ज्याला तो काढता येत नाही तो पहिल्या तासात 'सगळे वेड्यासारखे बोली लावताहेत' म्हणून हात आखडतो आणि शेवटी 40 डॉलर खिशात घेऊन बसतो.

किमतीच्या आजूबाजूचे बारीक नियम लिहून ठेवले नाहीत तर भांडण ठरलेलं.

एक, ड्राफ्टमध्ये कुणीच न घेतलेला आणि नंतर वेव्हरवरून आलेला खेळाडू 16व्या फेरीचा समजायचा. ठेवायचा तर 8वी फेरी द्यायची. शेवटच्या फेरीचा भाव लावला तर ऑक्टोबरमध्ये सर्वांत आधी बटण दाबणाऱ्याला सोन्याची खाण मिळते. दोन, ड्राफ्टमध्ये घेतलेला खेळाडू मध्येच सोडला आणि दुसऱ्याने उचलला, तरी त्या हंगामात त्याची मूळ फेरी त्याला चिकटून राहते. हा नियम नसेल तर तिसऱ्या फेरीचा जखमी खेळाडू सोडून मित्राकडून उचलवायचा आणि ट्रेडने स्वस्तात परत आणायचा, ही वाट उघडी राहते. तीन, दोन ठेवलेल्या खेळाडूंची एकच फेरी आली तर दुसऱ्यासाठी एक फेरी वरची निवड जाते. चार, ती फेरी आधीच ट्रेडमध्ये गेली असेल तर तिच्या वरची सर्वांत जवळची स्वतःची निवड जाते. वरची एकही शिल्लक नसेल तर तो खेळाडू ठेवता येत नाही.

पाचवा नियम तारखेचा: लीगच्या ट्रेड डेडलाइननंतर उचललेला खेळाडू ठेवता येत नाही. मार्च-एप्रिलमध्ये अमेरिकन कॉलेज हॉकीचा हंगाम संपतो आणि तिथले मुलगे थेट एनएचएल संघांशी करार करतात. केल मकार 2019 मध्ये युमासतर्फे (मॅसॅच्युसेट्स विद्यापीठ) फ्रोझन फोरची, म्हणजे कॉलेज हॉकीच्या राष्ट्रीय स्पर्धेची, अंतिम लढत खेळून आला आणि 15 एप्रिलला कोलोरॅडोकडून थेट प्लेऑफमध्ये (नियमित हंगामानंतरच्या बाद फेरीत) उतरला; नियमित हंगामात त्याचा एकही सामना नव्हता. पुढच्या हंगामात तो काल्डर विजेता. डेडलाइनचा नियम नसेल तर बाहेर पडलेले संघ शेवटचे चार आठवडे फक्त अशी नावं साठवत बसतात, आणि त्यांच्याशी लढत असलेल्या प्लेऑफच्या दावेदाराला फुकटचे गुण मिळतात.

गोली

गोली हा कीपर लीगचा सर्वांत धोक्याचा माल. 2022-23 मध्ये बोस्टनच्या लिनस उल्मार्कने 40 विजय आणि .938 सेव्ह टक्केवारीवर व्हेझिना (सर्वोत्तम गोलीची ट्रॉफी) जिंकली. पुढच्या हंगामात त्याचं आणि जेरेमी स्वेमनचं काम जवळजवळ निम्मं निम्मं झालं, आणि जून 2024 मध्ये उल्मार्क ओटावाला गेला. आता नेट स्वेमनचंच, म्हणून ज्यांनी त्याला ठेवलं त्यांना 2024-25 मध्ये .892 मिळाले. दोन वर्षांत एकाच संघाच्या दोन गोलींनी दोन्ही अंदाज उलटवले.

तरी मॅनेजर गोली ठेवतातच, कारण तुटवडा खरा आहे. 32 संघांत निर्विवाद पहिल्या क्रमांकाचे गोली त्याहून बरेच कमी. बारा जणांनी प्रत्येकी दोन ठेवले तर 24 गेले आणि ड्राफ्टमध्ये जोडीने काम करणारे तेवढे उरले. म्हणून चार कीपरमध्ये गोली जास्तीत जास्त एक.

आठवड्याला गोलींनी किमान तीन सामने खेळले पाहिजेत, ही अट घालावीच. नाहीतर सोमवारी एकाने शटआउट दिला, म्हणजे एकही गोल खाल्ला नाही, की मॅनेजर उरलेला आठवडा दोन्ही गोली बेंचवर ठेवतो आणि दोन टक्केवारीच्या कॅटेगऱ्या खिशात घालतो. तीन पूर्ण झाले नाहीत तर गोलीच्या चारही कॅटेगऱ्या प्रतिस्पर्ध्याला. ही अट प्रत्यक्षात चावते ती सलग दोन रात्री सामने असलेल्या आठवड्यात, कारण त्यातल्या एका रात्री बहुतेक संघ दुसरा गोली उतरवतात. त्यामुळे बेंचवर तिसरा गोली ठेवायचा की एक स्केटर, हा ज्याचा त्याचा निर्णय. कमिशनरने अट सैल करू नये.

वही

साइटवर सगळं असतं या समजुतीवर राहू नये. याहू, ईएसपीएन आणि फॅनट्रॅक्स तिन्हींवर कीपर लीग चालते, आणि खोल रोस्टर (मोठी खेळाडू-यादी), प्रॉस्पेक्ट (अजून एनएचएलमध्ये न आलेले तरुण) व करारांसाठी फॅनट्रॅक्सवर सर्वांत जास्त सोयी आहेत. पण 'कितव्यांदा ठेवला' आणि 'पुढच्या वर्षीची किंमत' हे आपल्या नियमाप्रमाणे कुठलीच साइट आपणहून मोजेल असं धरू नका. एक सामायिक स्प्रेडशीट लागतेच: सर्वांना वाचता येणारी, दोघांनाच लिहिता येणारी.

रकाने सात. खेळाडू, सध्याचा मालक, कसा आला, मूळ फेरी, आजवर किती वेळा ठेवला, पुढची किंमत, शेरा. 2025 च्या ड्राफ्टनंतर हटसनची ओळ अशी दिसेल: लेन हटसन, संघ 5, ड्राफ्ट 2024, 14, एकदा, 4थी फेरी, शेऱ्यात '2024 डिसेंबरमध्ये संघ 9 कडून ट्रेड'. ट्रेडमध्ये मालक बदलतो, बाकी काहीच बदलत नाही. ठेवण्याची मोजणी खेळाडूबरोबर जाते, मालकाबरोबर नाही. हे वाक्य नियमावलीत याच शब्दांत असावं, नाहीतर दोन मित्र दर उन्हाळ्यात खेळाडू अदलाबदल करून मोजणी शून्यावर आणतील.

दुसऱ्या पानावर निवडींचा तक्ता: आडव्या 18 फेऱ्या, उभे 12 संघ, पुढच्या एकाच वर्षाचा. प्रत्येक ट्रेड मंजूर होताच त्याच दिवशी दोन्ही पानं भरायची. आठवड्याने भरू म्हटलं की उन्हाळ्यात संदेश उकरत बसावं लागतं.

यादी जाहीर करणं आणि ड्राफ्ट

उन्हाळ्यात दोन तारखा बाजार हलवतात: जूनअखेरचा एनएचएल ड्राफ्ट आणि 1 जुलै, जेव्हा फ्री एजंट (करार संपलेले खेळाडू) नवे करार करतात. ट्रेडची खिडकी त्याआधीच उघडावी, म्हणजे मॅनेजरांना बातमीवर हालचाल करता येते. कीपर याद्या ड्राफ्टच्या दहा दिवस आधी बंद कराव्यात आणि सगळ्यांच्या एकाच वेळी उघडाव्यात. एकेक आली तशी टाकत गेलं तर शेवटी देणाऱ्याला फायदा होतो. कोण कुठल्या फेरीत काय देतोय हे पाहून तो आपली यादी फिरवतो. याद्या कमिशनर आणि उपकमिशनर दोघांकडे एकाच वेळी पाठवायच्या, कारण कमिशनरचाही संघ असतो. वेळेत यादी न देणाऱ्याचे कीपर साइटच्या क्रमवारीनुसार लावले जातात, नियमात बसतील ते वरचे चार.

यादी बंद झाल्यावर किंमत मोजली गेली म्हणजे गेली. एरिक कार्लसनने 2022-23 मध्ये 101 पॉइंट केले आणि पिट्सबर्गला गेल्यावर पुढच्या हंगामात 56. असं घडलं तर ती ठेवणाऱ्याची जोखीम. सराव सामन्यात कीपर जखमी झाला तरी फेरी परत मिळत नाही.

मग कीपर साइटवर चढवायचे. एकाने चढवावेत, दुसऱ्याने वहीशी ताडून पाहावेत, आणि ड्राफ्टच्या आदल्या दिवशी रिकामा तक्ता सर्वांना पाठवावा. इथली ठरलेली चूक म्हणजे ट्रेड झालेली निवड जुन्याच मालकाच्या नावावर राहणं. ड्राफ्ट सुरू झाल्यावर ती दुरुस्त करायला सगळं थांबवावं लागतं. 216 निवडींतून 48 कीपर वजा जाता 168 उरतात. प्रत्येकी 90 सेकंद धरले तर जास्तीत जास्त चार तास बारा मिनिटं. प्रत्यक्षात कमी लागतो, पण वेळ ठरवताना चार तास मोकळे मागावेत. दिवस हंगामाच्या पहिल्या सामन्याच्या जितका जवळ तितका बरा. लाइन ठरलेल्या असतात आणि सराव सामन्यांतल्या दुखापती कळलेल्या असतात.

हंगाम चालू असताना

एनएचएलमध्ये मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी सामन्यांची गर्दी असते, सोमवार-बुधवार-शुक्रवारी कमी. कमी सामन्यांच्या रात्री खेळणारे स्केटर रोज उचलून-सोडून शॉट आणि हिट वाढवता येतात, म्हणून आठवड्याला चार भरत्यांची मर्यादा. ऑल-स्टार किंवा ऑलिम्पिकची सुट्टी आली की ते आठवडे जोडून एक लढत करावी. 2026-27 पासून नियमित हंगाम 82 ऐवजी 84 सामन्यांचा होतो आहे. रोटो पद्धतीने (आठवड्याच्या लढतीऐवजी हंगामभराच्या बेरजेवर) खेळणाऱ्यांनी प्रत्येक जागेची सामन्यांची कमाल मर्यादा तपासून घ्यावी, जुन्या सेटिंगमध्ये 82 राहून जातं.

आपली अंतिम लढत एनएचएलच्या शेवटच्या आठवड्यात कधीच ठेवू नये. ज्या संघांचं प्लेऑफमधलं स्थान पक्कं झालंय ते त्या दिवसांत आपले मोठे खेळाडू विश्रांतीला बसवतात, आणि वर्षभराच्या मेहनतीचा निकाल कुठल्याशा प्रशिक्षकाच्या सावधगिरीवर लागतो. एक आठवडा आधी संपवावं.

ट्रेड, पुढच्या निवडी आणि मुद्दाम हरणं

मतदानाने ट्रेड रद्द करण्याची सोय आम्ही बंद ठेवतो. मत देणारे दहाही जण प्रतिस्पर्धी असतात. 'हा सौदा असमान आहे' याचा अर्थ बहुतेक वेळा 'याने समोरचा माझ्यापुढे जाईल' एवढाच असतो. कीपर लीगमध्ये तर ट्रेड असमान दिसणारच. जिंकायला निघालेला संघ आजचा 90 पॉइंटचा विंगर घेतो आणि त्याबदल्यात स्वस्त किमतीचा विशीतला मुलगा व दुसरी फेरी देतो. आजच्या आकड्यांत तो सौदा एकतर्फी वाटतो. वहीतला किमतीचा रकाना पाहिला की समजतो. रद्द करायचं कारण एकच: संगनमत. ते ठरवणं कमिशनरचं काम, आणि ट्रेडमध्ये कमिशनर स्वतः असेल तर उपकमिशनरचं.

निवडी फक्त पुढच्या एका वर्षाच्या विकता येतात. दोन-तीन वर्षं पुढच्या निवडी विकू दिल्या तर कुणीतरी सगळ्या विकून जिंकतो आणि मग लीग सोडतो. मागे राहतो तो रिकामा संघ कुणी घेत नाही. शिवाय जो पुढच्या वर्षीची निवड विकेल त्याने पुढच्या वर्षीची वर्गणी त्याच दिवशी भरायची. निवडींची देवाणघेवाण संख्येने समान हवी. एका बाजूला दोन गेल्या तर दुसरीकडून एक खालची परत, म्हणजे ड्राफ्टला प्रत्येकाच्या 18 निवडी भरतात.

मुद्दाम हरण्यावर नुसत्या सूचना चालत नाहीत, फायद्याची दिशाच बदलावी लागते. एनएचएलच्या लॉटरीतही शेवटच्या संघाला पहिली निवड मिळण्याची शक्यता 25.5 टक्केच आहे. आम्हाला त्याहून पटते ती पीडब्ल्यूएचएलची पद्धत: महिलांच्या त्या व्यावसायिक लीगमध्ये प्लेऑफमधून गणिताने बाद झाल्यानंतर जो संघ सर्वांत जास्त गुण कमावतो त्याला पहिली निवड मिळते. म्हणजे बाद झाल्यावरही जिंकण्यातच फायदा. फँटसीत हे सोपं करून वापरता येतं. वरचे सहा प्लेऑफला. खालचे सहा सांत्वन फेरीला. सांत्वन फेरीचा विजेता पहिली निवड घेतो, उपविजेता दुसरी, पुढच्या चार उलट्या गुणक्रमाने. खालच्या सहांना मार्चअखेरपर्यंत लाइनअप भरायला याहून चांगलं कारण आम्हाला सापडलेलं नाही. जोडीला एक अट: सलग दोन आठवडे लाइनअप न भरणाऱ्याची पहिली निवड फेरीच्या शेवटी जाते.

जखमी आणि अजून न आलेले

इंज्युरी रिझर्व्हमधला खेळाडू ठेवायचा तर तो चारांतलाच एक. गेब्रियल लँडेस्कॉग 2022 च्या स्टॅनली कपनंतर (एनएचएलच्या अजिंक्यपदानंतर) गुडघ्यामुळे बाहेर गेला आणि एनएचएलमध्ये परतला तो थेट एप्रिल 2025 च्या प्लेऑफमध्ये. रिझर्व्हची जागा कीपरमध्ये धरली नाही तर असा खेळाडू तीन वर्षं कुणाच्या तरी कपाटात फुकट पडून राहतो. आम्ही एवढीच सवलत देतो: हंगामात 20 पेक्षा कमी सामने झाले तर त्याची किंमत चढत नाही. ठेवण्याची मोजणी मात्र पुढे सरकते.

प्रॉस्पेक्टसाठी प्रत्येकी दोन वेगळ्या जागा. त्यांचं आयुष्य वर्षांत मोजू नये, एनएचएल सामन्यांत मोजावं. किरिल काप्रिझोव्ह 2015 मध्ये पाचव्या फेरीत निवडला गेला आणि मिनेसोटाकडून पहिल्यांदा उतरला तो 2020-21 मध्ये. तीन वर्षांची मुदत असती तर धीर धरणाऱ्याच्या हातून तो गेलाच असता. उलट मात्वेई मिचकोव्हचा रशियातला करार 2026 पर्यंतचा, म्हणून 2023 मध्ये त्याला घेणं म्हणजे लांबची गुंतवणूक वाटत होती. तो 2024 मध्येच फिलाडेल्फियाला आला आणि पहिल्या हंगामात 63 पॉइंट केले. 25 सामने झाले की प्रॉस्पेक्टची जागा सोडायची आणि मूळ फेरी 10वी धरायची. हंगामाच्या मध्यात 25 भरले तर चालू वर्ष त्याच जागेत राहू द्यावं, पण त्याला लाइनअपमध्ये उतरवायचं असेल तर रोस्टरवरून कुणीतरी सोडावा लागेल.

हंगामच थांबला तर

हे कलम लिहायला कुणालाच आवडत नाही, पण हॉकीत ते लागतं. 2004-05 चा हंगाम लॉकआउटमुळे (मालक-खेळाडू वादातल्या टाळेबंदीमुळे) पूर्ण रद्द झाला. 2012-13 मध्ये 48 सामने झाले. 12 मार्च 2020 ला हंगाम थांबला तेव्हा संघांचे 68 ते 71 सामने झाले होते, म्हणजे फँटसी प्लेऑफच्या अगदी तोंडावर. 2020-21 चा हंगाम 13 जानेवारीला सुरू झाला आणि 56 सामन्यांचा होता.

आमचं कलम असं: प्रत्येक संघाचे निम्म्याहून कमी सामने झाले तर विजेता नाही, वर्गणी परत, ठेवण्याची मोजणी आणि किंमत जागच्या जागी, ड्राफ्टचा क्रम मागच्या वर्षीचाच. निम्म्याहून जास्त झाले पण आपले प्लेऑफ पूर्ण होऊ शकले नाहीत तर गुणतक्त्यातला पहिला विजेता आणि मोजणी पुढे सरकते. 48 किंवा 56 सामन्यांचा हंगाम तसाच आखलेला असेल तर तो पूर्ण हंगाम धरायचा.

नियम बदलणं आणि संघ सोडणं

हंगामात नियम बदलत नाही. उन्हाळ्यात बारांपैकी आठ मतं लागतात. आणि कीपरची किंमत, संख्या किंवा कॅटेगऱ्यांबद्दलचा बदल मंजूर झाला तरी तो एक पूर्ण हंगाम सोडून लागू होतो. हिट काढून टाकले तर ज्याने हिटसाठी दोन जण ठेवलेत त्याचा माल रातोरात पडतो. त्याला तो विकायला वेळ मिळाला पाहिजे.

कुणी सोडून जाणार असेल तर त्याने 1 जूनपूर्वी कळवायचं, आणि कळवल्या दिवसापासून त्याचा संघ गोठवायचा, एकही ट्रेड नाही. नव्या मॅनेजरला संघ आहे तसा मिळतो, सोबत एक सवलत: पहिल्या वर्षी त्याला एका कीपरची किंमत न वाढवता गेल्या वर्षीच्याच फेरीत ठेवता येते. दोघे एकदम सोडून गेले तर त्या दोन संघांचे सगळे खेळाडू एकत्र करून दोन्ही नव्यांनी आळीपाळीने वाटून घ्यावेत. आधी कोण घेणार ते चिठ्ठीने. ज्याला दुसरा नंबर मिळेल त्याला दोन्ही संघांच्या ड्राफ्ट निवडींतला वरचा संच.